चालकाचा मालक

ठाण्याहून निघून बोरिवलीच्या डोंगराला वळसा घालीत पश्चिमेकडे जाणारा रस्ता जेथें वसईच्या खाडीजवळ येतो, तेथें घोडबंदर हें गांव आहे. रात्रींच्या प्रहरीं या रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते. प्रत्येक मोटारींत चाकावर हात ठेवून एक मनुष्य बसलेला असतो. दुरून पाहणाराला ते सारे एकसारखे दिसतात. परंतु त्यांच्यांत एक मोठा भेद असतो. कांहीं जण दुसऱ्याची मोटार पगारावर हांकीत असतात, तर कांहीं जण स्वतःची. पहिल्याला महिनाअखेर पगार मिळावयाचा असतो. दुसऱ्याला महिनाअखेर हप्ता भरावयाचा असतो. पगारी चालकाच्या मनांत बहुधा एक इच्छा घर करून असते, ती म्हणजे केव्हां तरी स्वतःच्या नांवाची मोटार रस्त्यावर आणण्याची.

ही इच्छा मोटारीपेक्षां जुनी आहे, आणि तिचीं मागचीं रूपें घोडबंदरच्या खाडीनें पाहिलेलीं आहेत. चालकाचा मालक कसा होतो, आणि झाल्यावर त्याच्या पदरीं काय पडतें, या प्रश्नाचा इतिहास या एका ठिकाणीं उभें राहून पुष्कळसा पाहतां येतो.

रस्त्याचा महिमा अलीकडचा. घोडबंदराचें जुनें भाग्य पाण्याचें होतें. येथें अरबी घोडे उतरत म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. साष्टी बेट १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेलें, १७३७ सालीं मराठ्यांनीं तें जिंकून घेतलें, आणि १७७४ सालीं तें इंग्रजांच्या हातीं पडलें. खाडीवर नजर ठेवणारा येथील किल्ला या साऱ्या घडामोडींचा साक्षी आहे. राज्यें बदललीं, तरी मालाची ने-आण थांबली नाहीं. मीठ, रेती, लांकूड, भात असा माल मचव्यांतून आणि पडावांतून जात असे, आणि या वाहतुकीच्या धंद्यांत माणसांच्या तीन पायऱ्या होत्या: खलाशी, तांडेल आणि नाखवा.

खलाशी शिडाच्या दोरीला हात घालणारा, तांडेल नाव चालविणारा, आणि नाखवा नावेचा धनी. नाखवा हा शब्द फारसी ‘नाखुदा’ या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ नावेचा स्वामी. प्राचीन काळीं नाव चालविणारा आणि नावेचा धनी हे पुष्कळदां एकच असत. म्हणून एकाच शब्दानें दोन्ही अर्थ भागत. पुढें नावा मोठ्या झाल्या, त्यांची किंमत वाढली, आणि चालविणारा तांडेल निराळा व धनी नाखवा निराळा, अशी फारकत झाली. हातांतील कसब आणि हातांतील भांडवल यांची ही फारकत हेंच या सर्व इतिहासाचें बीज आहे.

तरी किनाऱ्यावरील लोकांनीं ही फारकत सांधणारी एक रीत जपली होती. ती म्हणजे वांट्याची. खेपेचें उत्पन्न हातीं आलें कीं त्यांतून खर्च वजा करावयाचा. उरलेल्या रकमेचे वांटे पाडावयाचे. त्यांत खलाशांचे वांटे, तांडेलाचा कांहींसा मोठा वांटा, आणि खुद्द नावेचाहि वांटा. नावेला वांटा कशासाठीं, असें नवख्याला वाटेल. परंतु नाव झिजते, तिचें शीड फाटतें, तिच्या फळ्यांना कीड लागते. तिची डागडुजी करण्यास आणि शेवटीं तिच्या जागीं दुसरी नाव बांधण्यास पैसा हवा. तो पैसा माणसांच्या पोटापाण्याच्या पैशांत मिसळूं नये, हें शहाणपण या रीतींत होतें. आजचे हिशेबनीस ज्याला घसारा म्हणतात, तोच हा नावेचा वांटा.

तांडेलाला नाखवा व्हावयाचें असेल, तर त्याचे मार्ग तीनच असत. भावांभावांनीं मिळून नाव बांधावयाची, घरांतील सोनें मोडावयाचें, किंवा व्यापाऱ्याकडून उचल घ्यावयाची. तिसरा मार्ग सर्वांत सोपा दिसे आणि सर्वांत महाग पडे. कारण उचल देणारा व्याजाबरोबर आणखी एक अट घाली: माल आमचाच वाहावयाचा, आणि दर आम्ही सांगूं तो. नाव तांडेलाच्या नांवावर होई. परंतु ती कोठें जावी व काय भाड्यानें जावी, हें दुसराच ठरवी. इंग्लंडांत हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला गेला. तेथील कायद्यानें जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से मानले, आणि जहाजाच्या कप्तानानें त्यांतले चार-दोन हिस्से विकत घेऊन धनी होण्यास आरंभ करणें शक्य झालें. एकदम सगळें जहाज घेण्याचें धाडस त्याला करावें लागत नसे.

१८६४ सालीं मुंबईहून गुजराथेकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि वसईच्या खाडीवरून आगगाडी धांवूं लागली. लांबचा माल नावांच्या हातून गेला. स्थानकापासून गांवापर्यंतची वाहतूक बैलगाडीकडे राहिली. बैलगाडीवाला हा बहुतांशीं स्वतःच्याच गाडीचा धनी. बैल घरचे, चारा शेतांतला, गाडी गांवच्या सुतारानें केलेली. त्याला चालकाचा मालक होण्याची चिंता नव्हती. तो दोन्ही होताच. मोटार आली आणि ही स्थिति पालटली. मोटारीचें यंत्र परदेशचें, तिचें तेल परदेशचें, आणि तिची किंमत चालकाच्या अनेक वर्षांच्या पगाराएवढी. बंदरावर तांडेल आणि नाखवा यांच्यामध्यें पडलेलें अंतर आतां रस्त्यावरहि पडलें.

पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विक्रीस निघाल्या, आणि सैन्यांत मोटार हांकण्यास शिकलेले लोक घरीं परतले. मोटारवाहतुकीच्या धंद्याला या दोन्ही गोष्टींनीं चालना मिळाली. पुष्कळ गाड्यांचा धनीच त्यांचा चालक होता, आणि तोच वेळप्रसंगीं मिस्त्रीहि होई. या काळांत धंद्यांत शिरण्याची वाट जवळजवळ मोकळी होती. १९३९ सालच्या मोटार-वाहन कायद्यानें तिच्यावर फाटक बसविलें. भाड्यानें माल वाहणाराला परवाना आवश्यक झाला; परवाना देणें न देणें प्रादेशिक अधिकारमंडळाच्या हातीं आलें; दुसऱ्या प्रदेशांत जावयाचें तर तेथील मान्यतेची सही हवी. आगगाडीच्या उत्पन्नाचें रक्षण हाहि त्या कायद्यामागील एक हेतु होता. अमेरिकेनें असाच कायदा चार वर्षें आधीं, १९३५ सालीं केला होता. दोन्ही देशांत परिणाम सारखाच झाला. गाडी विकत घेतां येई, पण परवाना सहजासहजीं मिळत नसे. म्हणून ज्याच्यापाशीं परवाना त्याच्या पदरीं गाडीवाल्यानें आपली गाडी लावावयाची, अशी प्रथा पडली. गाडी एकाची आणि धंदा दुसऱ्याचा.

यानंतर दुसरें एक दार बंद झालें. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या मार्गावर मुंबई सरकारची पहिली प्रवासी मोटार निघाली. प्रवाशांच्या दृष्टीनें ती मोठी सोय झाली, यांत शंका नाहीं. परंतु उतारूंची मोटार स्वतः चालवून धनी होण्याचा जो मार्ग लहान माणसाला होता, तो मार्गामार्गानें संपत गेला. ज्याला मालक व्हावयाचें, त्यानें मालाकडे वळावें, हें जणूं तेव्हांच ठरून गेलें.

मालमोटारी मिळणेंहि हळूहळू सुकर झालें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. १९५४ सालीं जमशेदपूर येथें टाटांनीं जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास सुरुवात केली. १९५९ सालीं मसानी समितीनें या धंद्याची पाहणी केली, तेव्हां बहुसंख्य मालकांपाशीं एकेकच गाडी आहे, असें तिला आढळलें. एकेका गाडीचा धंदा टिकाऊ नाहीं, म्हणून मालकांनीं एकत्र येऊन मोठे घटक करावे, अशी समितीची शिफारस होती.

ती शिफारस मोठ्या प्रमाणावर कधींच अंमलांत आली नाहीं. याचें कारण केवळ अडाणीपण नव्हे. स्वतःची गाडी स्वतः हांकणारा मनुष्य तिला जपतो. डिझेल चोरीस जात नाहीं. कचेरीचा खर्च नाहीं. मोठ्या कंपन्यांनींहि हें ओळखलें. बिल्टी फाडणारी कचेरी आपली ठेवावयाची आणि गाड्या मात्र लहान मालकांच्या भाड्यानें घ्यावयाच्या, हा त्यांचा व्यवहार झाला. गाडी बंद पडली, टायर फुटला, तेल महागलें, तर तो तोटा गाडीवाल्याचा. एकट्या मालकाचा धंदा टिकला, परंतु तो जोखीम उचलणारा म्हणून टिकला, हें विसरून चालणार नाहीं.

आतां पैशाचा प्रश्न. १९ जुलै १९६९ रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि ज्या लहान धंद्यांना अग्रक्रमानें कर्ज द्यावयाचें त्यांत लहान वाहतूकदारांचा समावेश झाला. तरीहि तारण आणि कागदपत्रें यांच्या अभावीं पगारी चालक बँकेच्या दारापर्यंत क्वचितच पोहोंचे. १९७९ सालीं मद्रासेंत स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स या कंपनीनें नेमका हाच मनुष्य हेरला. जुनी मालमोटार घेऊं इच्छिणाऱ्या चालकाला कर्ज देणें हा तिनें आपला मुख्य व्यवसाय केला. अशा संस्थांमुळें हजारों चालक मालक झाले, ही गोष्ट खरी. परंतु हप्ता फिटेपर्यंत नोंदणीपुस्तकांत धनकोचें नांव राहतें, आणि हप्ते थकले तर गाडी ओढून नेली जाते, हीहि तितकीच खरी. जुन्या उचलीचें हें नवें रूप होय; मात्र माल कोणाचा वाहावा हें तें सांगत नाहीं, एवढा त्याचा चांगुलपणा.

परवान्याचें फाटकहि पुढें उघडलें. १९७५ पासून मर्यादित संख्येनें राष्ट्रीय परवाने मिळूं लागले. १९८८ सालचा नवा मोटार-वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला, आणि मालमोटारींच्या परवान्यांवरील जुनी बंधनें पुष्कळ सैल झालीं. अमेरिकेंत हेंच १९८० सालीं घडलें होतें. तेथें दारें उघडतांच नवे मालक धंद्यांत आले, चढाओढ वाढली, भाड्याचे दर उतरले, आणि जुन्या कंपन्यांपैकीं अनेक बुडाल्या. येथेंहि अनुभव फारसा निराळा नाहीं. पूर्वी मालक होणें कठीण होतें. आतां मालक होणें सोपें झालें आणि मालक राहणें कठीण झालें.

तें कां, हें एका साध्या हिशेबानें ध्यानांत येईल. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, एका मालमोटारीनें महिन्यांत २५ दिवस धांवून २,४०,००० रुपये भाडें मिळविलें. डिझेलला १,२०,००० गेले, टोल व वाटखर्चाला २४,००० गेले, आणि टायर व दुरुस्ती यांसाठीं १८,००० बाजूला ठेवले. हे झाले चालत्या गाडीचे खर्च. कर्जाचा हप्ता ४५,००० आणि विमा, कर, योग्यतेचा दाखला यांचा मासिक भाग १०,०००. हे झाले उभ्या गाडीचेहि खर्च. सर्व वजा जातां २३,००० रुपये उरले. हाच चालक परक्याच्या गाडीवर २२,००० रुपये पगार मिळवीत असेल, तर त्याच्या मालकीची खरी कमाई १,००० रुपये आहे. बाकीची त्याच्या मेहनतीची मजुरी आहे.

आतां समजा, गाडी पांच दिवस माल न मिळाल्यानें उभी राहिली. भाडें १,९२,००० वर आलें. चालते खर्च त्याच प्रमाणांत घटून १,२९,६०० झाले. परंतु ५५,००० रुपयांचा उभा खर्च तसाच राहिला. शिल्लक उरली ७,४०० रुपये. पगारी चालकाच्या घरीं त्या महिन्यांत पूर्ण पगार गेला असता. जो नवा मालक टायरचे १८,००० रुपये नफा समजून घरांत खर्च करतो, त्याला पहिलें वर्ष सुखाचें जातें आणि दुसऱ्या वर्षीं सहा टायर एकदम बदलण्याची पाळी आली म्हणजे तो सावकार शोधूं लागतो. नावेचा वांटा निराळा काढणारे जुने नाखवे या बाबतींत अधिक सावध होते.

उभें राहण्याचा प्रसंग किती सहज येतो, हें घोडबंदरइतकें दुसरें कोणतें ठिकाण क्वचितच शिकवील. मुंबई महापालिकेची जकात ३० जून २०१७ पर्यंत चालू होती, आणि तोंवर जवळच्या दहिसर नाक्यावर मालमोटारींना थांबावें लागे. वस्तु व सेवा कर आला आणि ती जकात गेली. खाडीवरील जुन्या वर्सोवा पुलाला २०१६ सालीं दुरुस्तीची गरज पडली, तेव्हां अवजड गाड्यांवर निर्बंध आले आणि त्यांना दूरच्या वाटेनें फिरावें लागलें. शेजारच्या नव्या पुलावरून वाहतूक सुरू होण्यास २०२३ साल उजाडलें. २०२० सालीं महामारीमुळें देशभर गाड्या उभ्या राहिल्या. रिझर्व्ह बँकेनें त्या वर्षीं मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांच्या हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा दिली. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबलें नाहीं. डिझेलचे दरहि ऑक्टोबर २०१४ पासून सरकारी नियंत्रणांतून मुक्त झालेले आहेत, आणि भाडें ठरल्यानंतर दर चढला तर भरपाई मागण्याचें बळ एका गाडीच्या मालकाच्या अंगीं नसतें.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा संबंध पैशाशीं नसून आयुष्याशीं आहे. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें पगारी चालकासाठीं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु पांचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला तो कायदा मुळांत लागू नव्हता. मग एकट्या मालक-चालकाची गोष्ट दूरच. पगारी चालक मालकाला म्हणूं शकतो, ‘आतां झोंप अनावर झाली, गाडी बाजूला घेतों.’ स्वतःच मालक असलेल्या चालकाला हें कोणाला सांगावयाचें? त्याच्या हप्त्याची तारीख त्याच्या डोळ्यांतील झोंपेला जुमानीत नाहीं. गायमुखाच्या घाटवळणावर पहाटे तीन वाजतां गाडी हांकणाऱ्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाहीं. पण गाडी घेण्याचा बेत करणाऱ्या माणसानें ती हिशेबांत धरलीच पाहिजे.

यावरून कोणी असें समजूं नये कीं चालकानें मालक होण्याचा विचारच सोडावा. इतिहासाचा सांगावा तसा नाहीं. तो एवढाच आहे कीं या मार्गावर पाऊल कोणत्या क्रमानें टाकावें, याला महत्त्व आहे. पगारी चालकाचा काळ हा उमेदवारीचा काळ आहे. याच काळांत दुसऱ्याच्या गाडीवर आणि दुसऱ्याच्या खर्चानें त्याला रस्ते कळतात, इंजिनाचा आवाज ओळखतां येतो, कोणता दलाल पोच मिळतांच बाकी चुकती करतो व कोणता महिनोन् महिने हेलपाटे घालावयास लावतो हें समजतें, आणि परतीचें भाडें कोठें मिळतें याची माहिती होते. या काळांत त्यानें आपल्या धन्याच्या गाडीचा जमाखर्च आपल्या वहींत मनानें मांडून पाहावा. ज्याला परक्या गाडीचा हिशेब जुळवितां येत नाहीं, त्याला स्वतःच्या गाडीचा जुळण्याचा संभव थोडा.

पुढें गाडी घेतांना पहिली रक्कम स्वतःच्या बचतीची असावी. तीहि उसनी असेल, तर एकाच गाडीला दोन सावकार होतात. आरंभीं लहान किंवा जुनी पण निकोप गाडी घेणें हा ६४ हिश्श्यांपैकीं चार हिस्से घेण्यासारखाच सावधपणा आहे. सारा माल एकाच कचेरीकडून घेणें म्हणजे पुन्हां नोकरींत शिरणें, आणि तेंहि पगारावांचून. तीन महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम हातीं राखून ठेवावी, आणि पहिली गाडी फिटल्याखेरीज दुसरीचा मोह धरूं नये.

घोडबंदरच्या खाडींत आतां घोड्यांचीं जहाजें येत नाहींत. किल्ल्याखालून राष्ट्रीय महामार्गाच्या मोटारी रात्रंदिवस धांवतात. परंतु तांडेलापुढचा आणि चालकापुढचा प्रश्न एकच राहिला आहे. वाहन आपल्या नांवावर झालें म्हणजे मनुष्य मालक झाला, असें सरकारी दप्तर समजतें. घरच्या जमाखर्चाच्या दृष्टीनें मात्र तो मालक होतो तो निराळ्याच दिवशीं. ज्या दिवशीं सर्व खर्च, घसारा आणि स्वतःची मजुरी वजा करूनहि चार पैसे उरतात, आणि झोंप आली असतां गाडी बाजूला घेऊन निजण्याची त्याला मुभा असते, त्या दिवशीं. तो दिवस येईपर्यंत त्यानें आणि त्याच्या कुटुंबानें धीर धरावा, हेंच हिताचें.